बाबांच्या लेथवरचा दिवा

«काका, आमचं घर वेंगुर्ल्यात, समुद्रापासून चालत १० मिनिटांवर. मागच्या पडवीत बाबांचा लाकूडकामाचा कारखाना आहे, आता आम्ही दोघं मिळून चालवतो. पाट, चौरंग, देव्हारे, गणपतीवर टांगायच्या लाकडी माटव्या, थोडी कातकामाची खेळणी. पडवी १० बाय १८ फुटांची, चिऱ्याच्या उघड्या भिंती, वर मंगलोरी कौलं. जाड चोकवाल्या ५ जुन्या ट्यूब आहेत आणि लाकूड फिरवून कातायच्या लेथवर ६० वॅटचे २ पिवळे बल्ब. रोज ६ तास तरी दिवे जळतात, गणपतीच्या आधी त्याहून जास्त. बिल बघून सगळं एलईडी करायचं मी ठरवलंय. पण गेल्या वर्षी ३ एलईडी बल्ब आणून लावले, तर जूनमध्ये एका रात्रीत २ गेले आणि तिसरा लुकलुकायला लागला. बाबा ६८ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, ‘ह्या दिव्यात लाकूड माका खरा दिसणा नाय, डोळे चुरचुरतत.’ वायरमन म्हणतो, जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब घाला. खरंच पैसे वाचतात का? आणि बाबांना कसं पटवू?»

— एक वाचक, वेंगुर्ले

ताई,

पैसे वाचतात, आणि चांगले वाचतात. आकडे पुढे मांडतोच. पण तुमच्या पत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटलं ते बाबांचं वाक्य. एवढा मुरलेला कारागीर लाकूड खरं दिसत नाही म्हणतो, तेव्हा त्याला पटवायला जाऊ नये, दिवा तपासावा. तुम्ही आणलेल्या बल्बांत खोट होती, आणि तशी खोट आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत आणि विजेच्या झटक्यांत फार दिवस लपून राहत नाही.

आधी हिशोब. तुमच्या ट्यूबवर ४० वॅट लिहिलेलं असेल, पण मीटर तेवढ्यावर थांबत नाही. जाड चोक स्वतः १० ते १५ वॅट नुसता गरम होण्यात घालवतो. म्हणून एका ट्यूबमागे ५२ वॅट धरा. ५ ट्यूब म्हणजे २६० वॅट, त्यात २ बल्बांचे १२०, एकूण ३८०. रोज ६ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर साधारण ५९ युनिटं होतात. त्याच जागी २० वॅटच्या ५ एलईडी पट्ट्या (ट्यूबसारखे लांब, आतच सर्किट असलेले दिवे) आणि ९ वॅटचे २ बल्ब लावले तर ११८ वॅट, म्हणजे महिन्याला १८ युनिटं. महिन्याला ४१ युनिटं वाचली, वर्षाला ४९० च्या आसपास.

आता बिलाची मागची बाजू बघा. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त. वाचलेली युनिटं कमी होतात ती नेहमी वरच्या टप्प्यातून. म्हणून सरासरी दराने हिशोब करू नका, तुमच्या बिलावरच्या सर्वांत वरच्या लागू दराने करा. सोयीसाठी १० रुपये धरले तर महिन्याचे ४०० रुपये झाले. चांगली पट्टी ३०० रुपयांच्या आसपास येते असं धरलं, तर दिव्यांचा खर्च सहाएक महिन्यांत निघून येतो.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. ६० वॅटचा एक पिवळा बल्ब महिन्याला ९ युनिटांहून थोडी जास्त खातो, एक ट्यूब ८ च्या आसपास. एलईडी लावल्यावर बल्बामागे ८ युनिटं वाचतात, ट्यूबमागे ५. म्हणजे पैशांच्या दृष्टीने आधी बदलायचे ते लेथवरचे बल्ब. आणि नेमके तेच बदलताना सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी.

बाबांनी लेथवर पिवळे बल्बच का ठेवले, विचारून बघा. ‘पूर्वीपासून असाच आसा’ म्हणतील कदाचित. जुन्या कारखान्यांत छताला ट्यूब असल्या तरी लेथच्या डोक्यावर पिवळा बल्ब लटकवायची पद्धत होती, आणि तिला पक्कं कारण आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण उलटसुलट होते, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. पिवळ्या बल्बाची तार तापलेली असते, ती एवढ्या पटकन निवत नाही, म्हणून तिचा उजेड जवळजवळ सारखा राहतो. चोकवाल्या ट्यूबचा उजेड तेवढा सारखा नसतो. आणि ज्या स्वस्त एलईडी बल्बात वीज सपाट करणारा भाग नावापुरता असतो, त्याचा उजेड तर सेकंदाला १०० वेळा जवळजवळ विझून परत लागतो. डोळ्याला ते थेट दिसत नाही, पण डोळा आणि डोकं दोन्ही शिणतात. बाबांची चुरचुर बहुधा तिथली आहे.

लेथवर याचा धोका चुरचुरीपेक्षा मोठा. माझ्या शेडमध्ये मी हा प्रयोग शिकाऊ मुलांना मुद्दाम करून दाखवतो. लेथच्या चकवर, म्हणजे लाकूड धरून फिरवणाऱ्या लोखंडी भागावर, खडूने एकच ठळक रेघ ओढायची. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, पट्टा सरळ, म्हणजे चकही तेवढाच फिरतो. बाकी सगळे दिवे बंद करून वर फक्त तसा एक स्वस्त बल्ब लावायचा. रेघ एक असते, पण डोळ्याला ४ दिसतात, अधिकच्या चिन्हासारख्या, आणि ते चिन्ह संथपणे उलट्या दिशेने फिरतं. सेकंदाला २४ फेऱ्या मारणारा लोखंडी चक हाताने थांबवता येईल असा भासतो. फेऱ्या बरोबर १५०० असतील तर ते चिन्ह जागच्या जागी थांबलेलं दिसेल. संध्याकाळी थकलेल्या माणसाने मोटर बंद आहे असं समजून पॉलिश पेपर धरलेला हात पुढे केला तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून लेथवरचा दिवा घेताना खोक्यावरच्या वॅटच्या आधी ही परीक्षा करा. दुकानात दिवा लावायला सांगा, एक पेन्सिल बोटांत सैल धरा आणि दिव्यासमोर पंख्यासारखी जोरात हलवा. पेन्सिलीची सलग धूसर छटा दिसली तर दिवा चांगला. सुट्या सुट्या १०-१२ पेन्सिली हातपंख्याच्या काड्यांसारख्या दिसल्या तर तो दिवा दुकानातच ठेवा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तरी तोच अर्थ. खोक्यावर ‘फ्लिकर-फ्री’ छापलेलं असलं तरी पेन्सिल हलवून बघाच.

‘लाकूड खरं दिसत नाही’ ही तक्रार वेगळी, आणि तीही रास्त. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठीच आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळसर पावडरीचा थर देतात, निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. पण हलक्या मालात त्या पांढऱ्यात गडद लाल फारच थोडा असतो. लाकडाचा जीव तर तांबूस-पिवळ्या रंगांतच आहे. फणसाचा हळदी रंग अशा दिव्याखाली फिका हिरवट दिसतो, शिसवीतली जांभळट झाक निघून जाते, खेळण्यांवरचा लाखेचा लाल मळकट वाटतो. बाबा चुकत नाहीत.

यावर उपाय आहे. खोक्यावर दोन गोष्टी वाचा. एक, रंगाचं तापमान. ६५०० के (केल्विन) म्हणजे निळसर पांढरा, ३००० के म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळा, ४००० के मधला. छतावरच्या पट्ट्या ४००० च्या घ्या, लेथवर आणि पॉलिशच्या टेबलावर ३००० चा दिवा. दुसरी गोष्ट सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा. पिवळ्या बल्बाचा जवळजवळ १००. साध्या एलईडीचा ८० च्या आसपास, तो छताला चालेल. बाबांच्या दिव्याला मात्र ९० च्या वरचा आकडा पाहिजे. तो ५०-१०० रुपयांनी महाग पडेल आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कदाचित मिळणार नाही, मागवावा लागेल. मागवा. तरीही शेवटचा रंग जुळवताना वस्तू खळ्यात दिवसाच्या उजेडात नेऊन बघायची सवय सोडू नका.

वयाचाही भाग आहे. साठी ओलांडलेल्या डोळ्याला तेच काम करायला विशीतल्या डोळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड लागतो, आणि समोरून डोळ्यात शिरणारा झोत त्याला अजिबात सहन होत नाही. तुम्ही बहुतेक उघडा एलईडी बल्ब पूर्वीच्याच होल्डरला लावला असणार. जुन्या बल्बाखाली ते चाललं. एलईडीच्या बाबतीत त्याला खोल शेड हवीच, अशी की उभं राहिल्यावर बल्ब दिसू नये, फक्त उजेड पडलेला दिसावा.

आणि दिवा खाली आणा. जवळजवळ सगळ्यांच्या कारखान्यांत ही चूक मी पाहतो: दिवे वर आढ्याजवळ आणि हात खाली अंधारात. बल्बाचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. ८ फुटांवरचा बल्ब ४ फुटांवर आणला तर जादा वीज न खाता चौपट उजेड मिळाला. लेथवर लवचीक दांड्याचा दिवा बसवा, कातताना बाबांच्या डाव्या खांद्याच्या पुढे येईल असा, म्हणजे उजव्या हाताची सावली पटाशीच्या टोकावर पडणार नाही. बाबा डावखुरे असतील तर उलट. पॉलिशच्या टेबलावर दिवा डोक्यावर न ठेवता बाजूने, लाकडाला जवळजवळ समांतर ठेवा. तिरपा उजेड पडला की पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे, रंध्याच्या कडेने राहिलेली रेघ, सगळं उठून दिसतं. चौरंग गिऱ्हाइकाच्या घरी देवापुढे, समईच्या तिरप्या उजेडातच असणार आहे. तो तसाच बघून मग द्यावा.

एवढं केलं की छताला ५ पट्ट्या लागणार नाहीत, ४ पुरतील. २० वॅटची चांगली पट्टी २००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) उजेड देते, ४ मिळून ८०००. तुमची पडवी १७ चौरस मीटरच्या आतली. निम्मा उजेड भिंती आणि कौलांनी गिळला असं धरलं तरी दर चौरस मीटरला २४० लुमेन मिळतात. चालण्या-फिरण्याला, करवतीला, माप घ्यायला तेवढा ठीक आहे. बारीक कामाला त्याच्या दुप्पट पाहिजे, तो हाताजवळचे दिवे देतील. घेताना वॅट विचारू नका, लुमेन विचारा. १० वॅटचा चांगला दिवा १५ वॅटच्या वाईट दिव्याइतका उजेड देतो.

चिऱ्याची भिंत दिसायला सुंदर, पण तो तांबडा दगड उजेड पिऊन टाकतो. मे महिन्यात आतून चुन्याचा पांढरा हात द्या, निदान लेथच्या मागच्या भिंतीला. आणि कौलांत २-३ काचेची कौलं घाला, उत्तरेच्या उताराला मिळाली तर उत्तम, ऊन थेट कामावर येत नाही. दिवसाचे दिवे त्याने बरेच बंद राहतील. काचेच्या कौलाला ना युनिट ना टप्पा. आपल्या आज्या-पणज्यांनी माजघरात तेच केलं होतं.

वायरमनच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालू नका. चोक तसाच राहिला तर तो वीज खातच राहतो, आणि चोक काढून वायर फिरवायची म्हटली तर काही ट्यूबना वीज एका टोकाने लागते, काहींना दोन्ही टोकांनी. उद्या कोणी दुसऱ्या जातीची ट्यूब त्यात बसवायला गेला तर हातातल्या मोकळ्या टोकाला करंट असू शकतो. जुनी पट्टी पूर्ण उतरवा, नवी एलईडी पट्टी बसवा.

आता कोकणाबद्दल. बचतीचा सगळा हिशोब दिवा टिकला तरच खरा. खोक्यावर २५,००० तास लिहितात. तुमच्या वापराने ती १३ वर्षं होतात. एलईडीची चिप टिकेलही तेवढी. मरतो तो तिचा ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टची वीज तिला झेपेल अशी करून देणारं छोटं सर्किट.

मी दापोलीकडच्या माझ्या शेडला एका दुकानातून स्वस्तात ६ पट्ट्या घेतल्या होत्या. जूनमध्ये लावल्या, सप्टेंबर संपेपर्यंत ४ बंद. एक टेबलावर घेऊन उघडली. वायर आत शिरते त्या टोकाच्या भोकातून फणसाच्या लाकडाची पूड आत गेली होती, पिवळी, ओलसर, बोटाला चिकटणारी. खाली ड्रायव्हरच्या डाखांवर हिरवी बुरशीसारखी पूड, म्हणजे तांब्यावर चढलेली खाऱ्या हवेची कीट. वीज सपाट करणाऱ्या छोट्या कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलेलं. आणि पट्टीवरच्या चिपांच्या ओळीत एकीवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. चिपा एकीमागे एक जोडलेल्या असतात, एक गेली की अख्खी ओळ विझते. मी ती पट्टी पुसून, डाख परत देऊन बघितली. १५ दिवस चालली. त्या दिवशी मला कळलं की मी बचत केली नव्हती, पुढच्या पावसाळ्याचा खर्च आधी करून ठेवला होता.

तुमच्या पडवीला आयपी ६५ ची पट्टी घ्या. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवाराही जात नाही. भुसा आणि दमट वारा, दोन्हींसाठी तीच हवी. पत्र्याच्या अंगाची नको, समुद्र जवळ असताना पत्रा २ पावसाळ्यांत कुजतो, पॉलिकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची घ्या. स्क्रू स्टेनलेसचे. वायर पट्टीत शिरण्याच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, कौलातून ओघळलेलं पाणी झोळावरून खाली ठिबकेल, आत शिरणार नाही. पट्टी थेट कौलाखाली ठोकू नका, वाशाला साखळीने फूटभर खाली लटकवा. एप्रिल-मे मध्ये कौलाखालची हवा भट्टीसारखी तापते. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही, १० अंशांनी तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

पण तुमचे २ बल्ब एकाच रात्री गेले, ते दमटपणाने नव्हे. ओल एकेक दिवा घेते, हळूहळू. एका रात्रीत २ जातात ते लाइनीतून आलेल्या झटक्याने. मे-जूनची वीज कडाडते, परतीच्या पावसातही कडाडते. माडाचं झावळ तारेवर पडतं आणि दोन तारा क्षणभर भिडतात. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सुटला तर घरातल्या काही पॉइंटांना २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्ट मिळू शकतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात खांब, तारा किती ठिकाणी आडव्या झाल्या ते तुम्ही पाहिलंच असेल. जुनी ट्यूब असा झटका चोकच्या जाड तांब्यावर झेलते. एलईडीचा ड्रायव्हर नाजूक, तो झेलत नाही.

म्हणून पट्टीवर ‘४ केव्ही सर्ज’ (४००० व्होल्टपर्यंतचा झटका सोसते असा अर्थ) असं लिहिलेलं बघा, आणि व्होल्टेजचा पल्ला १४० ते ३०० सारखा रुंद असलेली घ्या, कारण गणपतीत सगळ्यांचे दिवे लागले की आपल्याकडे व्होल्टेज खालीही जातं. भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर माल परत करा. मेन बोर्डात वायरमनकडून सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या, आणि त्याआधी अर्थिंग तपासून घ्या, कारण अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टरने झटका ढकलायचा कुठे? कातळावर, जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं. कोळसा-मीठ घातलेला खड्डा असेल तर त्यात एप्रिल-मे मध्ये रोज बादलीभर पाणी ओता. आणि कधी अचानक पंखा भन्नाट फिरायला लागला, दिवे डोळे दिपतील इतके उजळले, तर न्यूट्रल सुटला समजा. पहिलं काम मेन स्विच बंद करायचं, मग वीज कंपनीला फोन.

बोर्ड उघडलेला असेल तेव्हाच आणखी एक करून घ्या, आणि हे टाळू नका. दिव्यांची एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) वेगळी, मोटरींची वेगळी. आज एकाच एमसीबीवर दोन्ही असतील तर लेथ अडकून ती पडली की पडवीत एकदम काळोख होईल आणि चक मात्र पुढची काही सेकंदं फिरत राहील. वीज गेली तरी तेच. म्हणून लेथजवळ एक बॅटरीवाला एलईडी बल्ब लावा, वीज गेल्यावर आपोआप लागणारा. आमच्या शेडमध्ये तो आहे, आणि आपल्याकडच्या जुलै महिन्यात तो किती वेळा लागतो ते मी मोजायचं सोडून दिलंय.

एक फायदा तुम्हाला पहिल्या पावसातच कळेल. वाळवीचे पंखवाले किडे पहिल्या सरीनंतर दिव्यांवर तुटून पडतात, ओल्या पॉलिशवर चिकटतात. जुन्या ट्यूबमधून थोडे अतिनील किरण निघतात, त्यावर किडे येतात. एलईडीतून ते जवळजवळ निघत नाहीत, आणि ३००० के च्या पिवळसर दिव्यावर किडे आणखी कमी येतात. चौरंगाला शेवटचा हात देण्याच्या दिवशी फक्त तेवढेच दिवे चालू ठेवा.

उतरवलेल्या ट्यूब गडग्याच्या कडेला किंवा किनाऱ्यावर टाकू नका. प्रत्येकीत थोडासा पारा असतो, फुटली की तो हवेत आणि मातीत जातो, आणि आपल्याकडे विहीर कधी लांब नसते. जुन्या खोक्यात उभ्या ठेवा. २०१६ पासून पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत आहेत, नगरपरिषदेच्या घनकचरा विभागात विचारून तिथेच द्या. चोक मात्र भंगारवाल्याला विका, आत तांबं असतं. या ट्यूब पुन्हा घ्यायचा विचारही करू नका. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारत बांधील आहे, आणि २०२३ मध्ये त्या करारातल्या देशांनी अशा ट्यूबचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलंय.

‘एलईडी तर ७०-८० रुपयांना मिळतो, तुम्ही एवढा खर्च का सांगता’ असं कोणी म्हणेल. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, सरकारने एकगठ्ठा खरेदी केली आणि ३१० रुपयांचा बल्ब खरेदीत ३८ रुपयांवर आला. घरोघरी एलईडी पोचला तो त्यामुळे, आणि ते फार मोठं काम झालं. माजघराला, गोठ्याला, न्हाणीला तो बल्ब उत्तम. फिरत्या लोखंडापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला वेगळा दिवा लागतो, एवढंच माझं म्हणणं.

सगळं एकदम करू नका. पहिल्या महिन्यात बोर्ड, अर्थिंग आणि लेथवरचा एकच दिवा. पिवळ्या बल्बांपैकी एक तसाच राहू द्या. संध्याकाळी ट्यूब बंद करा, बाबांना लेथपाशी उभं करा, आधी जुना बल्ब लावा, मग तो बंद करून नवा दिवा. हातात फणसाचा एक रंधलेला तुकडा द्या, लाखेचा रंग दिलेलं एखादं खेळणं द्या, आणि पेन्सिलही त्यांच्याच हातात द्या. ते नको म्हणाले तर दिवा परत करून दुसरा आणा.